वारीचे सुख घरी टिकेल काय?

आषाढी झाली. पौर्णिमेला गोपाळपुरी काला झाला, आणि मंडळी बुक्का, लाह्या-बत्तासे व तुळशीच्या माळा गाठीला बांधून आपापल्या गावी परतली. घरी आल्यावर चार दिवस वारीच्याच गोष्टी चालतात. दिवे घाटात पाऊस कसा आला, नीरेवर पादुकांना स्नान कसे झाले, चांदोबाच्या लिंबापाशी उभे रिंगण कसे झाले, हे सांगताना सांगणाराचा चेहरा उजळतो. मग पंधरा दिवसांनी तोच वारकरी पारावर भेटला की म्हणतो, "वारीत लई सुख होतं बघा. घरी आलं की पुन्हा मागचं तेच."

हे बोलणे आम्ही पुष्कळांच्या तोंडून ऐकले आहे आणि, खरे सांगायचे तर, स्वतःही पुष्कळ वेळा बोललो आहोत. ते इतके सवयीचे झाले आहे की त्यात काही विचार करण्यासारखे आहे असे वाटत नाही. परंतु वर्षाचे दिवस ३६५, त्यांत पायी वारीचे अठरा-वीस. सुख जर तेवढ्याच दिवसांचे असेल, तर उरलेल्या दिवसांनी काय पाप केले? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. म्हणून या महिन्याच्या पाठाला तोच विषय घेतला आहे.

वारीत सुख कशाचे?

आळंदी ते पंढरपूर ही वाट सुमारे २५० किलोमीटरची. पायाला फोड येतात. राहुटीत खालून ओल आणि वरून गळती. अंघोळ उघड्यावर, तीही तांबडे फुटण्याच्या आधी. भाकरी कधी वेळेवर, कधी अवेळी. घरी यांतले काही सोसावे लागत नाही. डोक्यावर छप्पर आहे, पाणी आहे, अंथरूण कोरडे आहे. तरी सुख तिथे आणि चुटपुट इथे, असे का व्हावे?

कोणी म्हणेल, तिथे संतांची संगत असते. हे खरेच आहे, त्याविषयी वाद नाही. परंतु त्या संगतीत राहून आपण दिवसभर काय करीत असतो, ते जरा बारकाईने पाहावे. पहाटे उठल्यावर काकड्याचे अभंग, ते काकड्याच्याच वेळी. वाटेत गौळणी त्यांच्या वेळेला, हरिपाठ त्याच्या वेळेला, वाराचे अभंग त्या त्या वारी. पाऊल टाळाबरोबर पडते. टाळ चुकला तर शेजारचा लगेच वळून बघतो, त्यामुळे मनाला फार लांब भटकायला सवड नसते. जेवताना पंगत बसते, सर्वांना वाढून होईतो कोणी घास उचलत नाही. समोर आला तो 'माउली', आणि माउली म्हणायचे तर आधी त्याच्याकडे पाहावे लागते. रात्री पाठ टेकली की झोप. एका वेळी एक काम आणि त्यात सगळा माणूस, अशी ती चाल असते.

घरी काय होते? दात घासताना दुधाच्या बिलाची गणती चालते. जेवताना हातात मोबाईल असतो. देवपूजेत डोळा घड्याळावर, कामावर गेलो की जीव घरी आणि घरी आलो की जीव कामावर. अंग एकीकडे, चित्त दुसरीकडे. अशा माणसाला तुपाची धार वाढली तरी चव लागायची नाही. कारण जेवणारा ताटावर हजर कुठे आहे?

तात्पर्य, वारीत जे सुख मिळाले त्यात वाटेचा वाटा आहे, संगतीचा आहे, देवाच्या ओढीचा तर आहेच. पण आपण त्या दिवसांत जागच्या जागी हजर होतो, हाही त्यात मोठा वाटा आहे. आणि हा एक वाटा असा आहे की तो घरी आणता येतो.

ज्ञानोबारायांनी मागितलेले दान

शके १२१२, म्हणजे सन १२९० मध्ये नेवाशास ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. तिच्या नवव्या अध्यायाचा आरंभ ज्यांनी ऐकला आहे त्यांना आठवेल की माउली तिथे श्रोत्यांजवळ एकच मागणे मागतात. द्रव्य नाही, मान नाही, अवधान मागतात. आणि ते अवधान सुखाशी जोडून सांगतात, ते दिले तर श्रोता सुखाला योग्य होईल, असे उघड आश्वासन देतात. पारायणात आपण ही ओवी भराभर म्हणून पुढे जातो. ते केवळ कीर्तनकाराने श्रोत्यांना 'इकडे लक्ष द्या' म्हणण्यासारखे आहे, असे आम्हालाही पुष्कळ वर्षे वाटे. आता वाटते की सुखाची किल्लीच तिथे हातात दिली आहे.

अवधान म्हणजे काय? डोळे मिटून ताठ बसणे, एवढाच त्याचा अर्थ नव्हे. समोर जे आहे त्याला चित्त देणे, हा साधा अर्थ. समोर देव असेल तर देवाला, भाकरी असेल तर भाकरीला, रडणारे पोर असेल तर त्या पोराला.

पाश्चात्य देशांतही आता या गोष्टीचा शोध चालू आहे. २०१० साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या किलिंग्जवर्थ व गिल्बर्ट या दोघा मानसशास्त्रज्ञांनी २२५० माणसांना दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी मोबाईलवरून विचारले: या घटकेला तुम्ही काय करीत आहात, मन त्याच कामात आहे की दुसरीकडे, आणि तुम्ही सुखी आहात काय? तेव्हा असे दिसले की सुमारे ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतेच, आणि मन भटकत असताना माणसे कमी सुखी होती. मन गोड विचारात रमले असले तरी हातच्या कामात लागलेल्या मनापेक्षा ते अधिक सुखी नव्हते. आपल्या संप्रदायाला त्यांच्या शिक्क्याची गरज आहे असे नाही. परंतु माउलींनी जे मागितले ते किती व्यवहारातले आहे हे त्यावरून कळते.

आमची चूक

दुसऱ्याला सांगण्याआधी स्वतःचे सांगितले पाहिजे. आमचे वडील, ज्यांना घरात सगळे आप्पा म्हणत, शेवटच्या आजारात ओसरीवरच्या बाजेवर होते. सात-आठ महिने ते उठले नाहीत. आम्ही रोज दिवेलागणीला त्यांच्या उशाशी बसून हरिपाठ म्हणत असू. एकही दिवस खंड पडू दिला नाही, आणि त्याचा मनात थोडा अभिमानही होता. त्याच दिवसांत बांधाचा एक तंटा कोर्टात होता. भाऊबंदकीचे प्रकरण, जमीन दीड हात, पण रात्रीची झोप घालवायला तेवढी पुष्कळ.

एके दिवशी हरिपाठ संपवून आम्ही पोथी कपाळाला लावली, तेव्हा आतून मंडळी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या आणि आमच्याकडे न बघता आप्पांना पाणी पाजू लागल्या. आप्पांनी पाणी मागितले होते. एकदा नाही, तीनदा. ते चुलीपाशी ऐकू आले. उशाशी बसलेल्या आम्हाला ऐकू आले नाही. तोंडाने हरिपाठ चालू होता, आणि मन दुसऱ्या दिवशीच्या तारखेला वकिलाशी बोलत होते.

पाणी प्याल्यावर आप्पा आमच्याकडे बघून हळू म्हणाले, "तुजा हरिपाठ मी ऐकला बाबा. तू ऐकलास का?"

रागावून बोलले नाहीत. त्यांना खरोखरच विचारायचे होते. आम्हाला उत्तर देता आले नाही. त्यानंतर महिन्याच्या आत ते गेले. तंट्याचा निकाल पुढे काय लागला ते इथे सांगण्यासारखे नाही. दीड हात जमीन मिळाली असती तरी ते तीन वेळा मागितलेले पाणी काही परत आमच्या हातून देता आले नसते.

त्या दिवसापासून आम्ही हा विषय मनावर घेतला. तो पुरता साधला आहे असे मुळीच नाही.

एक शंका

इथे कोणी जाणता वारकरी म्हणेल, "महाराज, मग गोरोबाकाकांचे काय? तेरचे गोरा कुंभार नामात दंग होऊन चिखल तुडवीत होते, त्यांचे तान्हे मूल पायाखाली आले तरी त्यांना भान नव्हते. ती भक्ती आणि तुमची चूक, मग निराळी कशी?"

शंका रास्त आहे, आणि आम्हीही त्या रात्री हीच पळवाट शोधली होती. पण काकांचे चित्त एका ठिकाणी गेले होते आणि तिथे ते पुरते बुडाले होते. आमचे चित्त जिभेवरच्या नामातही नव्हते आणि उशाशीही नव्हते. काकांचे भान विठ्ठलात हरपले, आमचे कोर्टाच्या तारखेत. शिवाय संप्रदायाने ती कथा सांगताना त्या माउलीचा, मुलाच्या आईचा, आकांत कधी झाकून ठेवला नाही; मूल परत मिळाले तेव्हाच ती कथा पुरी झाली. संतांच्या अलौकिक अवस्थेची ढाल करून आपल्या रोजच्या बेपर्वाईला झाकू नये. आपल्यासारख्यांना आदर्श घ्यायचा तर त्यांच्या रोजच्या कामाचा घ्यावा.

अरणच्या सावतोबांकडे पाहा. त्यांना मळ्यातच पांडुरंग भेटला, असे संप्रदाय मानतो. ज्याने कधी वाफ्याला पाणी दिले आहे त्याला कळेल की ते अवधानाचे काम आहे. दारे मोडायला क्षणभर उशीर झाला तर एक वाफा फुटतो आणि दुसरा कोरडा राहतो. गंगाखेडच्या जनाबाईने नामदेवरायांच्या घरी दळण-कांडण, झाडलोट, शेण-गोवऱ्या हीच कामे केली, आणि त्या कामांतच तिला देव सोबतीला आला. गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) दिवसा गाव झाडले आणि रात्री कीर्तन केले. ज्या हातात खराटा, तेच हात टाळीला. कामाच्या जागी काम आणि नामाच्या जागी नाम असे त्यांनी वेगळे वाटे केले नाहीत. दोन्हींना एकच चित्त दिले.

सहाव्या अध्यायातील माप

आता हे रोजच्या संसारात कसे साधावे? भगवंतांनी गीतेच्या सहाव्या अध्यायात याचे माप घालून दिले आहे. अति खाणाऱ्याला योग साधत नाही आणि उपाशी राहणाऱ्यालाही नाही. अति झोपणाऱ्याला नाही आणि नुसते जागणाऱ्यालाही नाही. आहार, हिंडणे-फिरणे, काम, झोप, जागणे, सगळे मापात असले तर दुःख दूर होते. माउलींनी याचा विस्तार करताना बोलणे आणि चालणेसुद्धा मोजून करायला सांगितले आहे. यात पर्वतावर जाऊन बसायला सांगितलेले नाही. खाणे, चालणे, बोलणे, निजणे. आपण रोज करतो तीच कामे.

त्याच अध्यायात मन पळाले तर काय करावे हेही सांगितले आहे. जिथे जिथे ते पळेल तिथून तिथून त्याला परत आणावे. मारून नव्हे, परत आणून. माउली तर मनाची बाजू घेतात. ते म्हणतात की या मनाचा एक गुण चांगला आहे: ज्या जागेची गोडी त्याला लागली तिथे ते आपण होऊन जाते. म्हणून त्याला गोडी लावावी. दावे तोडून पळालेल्या वासराला काठीने झोडपले तर ते आणखी लांब जाते. हातात हिरवा चारा घेऊन हाक मारली तर माघारी येते. मनाचे तसेच आहे.

नित्याचे सहा नेम

आम्ही आप्पांच्या मागे हळूहळू काही नेम धरले. नवे त्यांत काही नाही. प्रत्येक घरात ही कामे होतातच. फक्त ती चित्त देऊन करायची.

पहिला नेम, जाग आल्याचा. डोळे उघडले की लगेच उठू नये आणि मोबाईलला तर हात लावूच नये. अंथरुणावर बसून पाच श्वास घ्यावेत. श्वास आत येताना 'राम कृष्ण', बाहेर जाताना 'हरि'. पाचच. आज जाग आली, हे काही आपल्या हातचे नव्हते, एवढे ध्यानात आले की पुरे. याला एक मिनिटही लागत नाही.

दुसरा नेम, तुळशीचा. तुळशीला पाणी घालताना नुसते तुळशीलाच पाणी घालावे. हे ऐकायला सोपे आहे. करून बघावे म्हणजे कळेल, तांब्या रिकामा होईतो मन तीन गावे हिंडून येते. पाण्याची धार कुठे पडते, माती किती पाणी पिते, मंजिरी आली का, पानाला कीड लागली का, हे पाहावे. आमच्या दारातली तुळस कितीतरी वर्षांची. तिच्या वृंदावनाच्या बुडाला चीर गेली होती आणि ती आम्हाला हा नेम धरल्यावर दिसली. त्याआधी आम्ही रोज पाणी घालीत होतो!

तिसरा नेम, जेवणाचा. पंगतीतला नियम घरी आणावा. सर्वांना वाढून झाल्यावर नाम घेऊन सुरुवात करावी आणि पहिले पाच घास मुकाट्याने, चव घेत खावेत. ज्वारी पेरली कोणी, काढली कोणी, दळली कोणी आणि धगीपुढे बसून थापली कोणी, हे त्या पाच घासांत आठवावे. मग आपोआप डोळे वर जातात आणि वाढणारी अजून उभी आहे हे दिसते. पुष्कळ घरांत अजून बायका मागून जेवतात, गार झालेले जेवतात. ज्याने पहिले पाच घास चित्त देऊन खाल्ले त्याला हे रोज बघून सहन होणार नाही. तो म्हणेल, "तुम्ही पण बसा, हाताने घेऊ आम्ही." अवधानाचा हा पहिला प्रसाद समजावा.

चौथा नेम, कामाचा. एका वेळी एकच काम. ज्यांच्या घरी जनावर आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. धार काढणाऱ्याचे चित्त ठिकाणावर नसेल, तो घाईत असेल, हात हिसके देत असतील, तर म्हैस पान्हा चोरते. तिच्या गळ्यावर हात फिरवून, निवांत बसून धार काढली तर चरवी भरते. जनावर बिथरले की पान्हा आटतो, हे आता पशुवैद्यही सांगतात. संसारातली पुष्कळ कामे अशी म्हशीसारखी आहेत. घाई करणाऱ्याला ती पान्हा देत नाहीत. दुकानात तराजू धरणारा, शाळेत शिकवणारा, यंत्रावर उभा राहणारा, या सर्वांना हेच लागू. सगळा दिवस असे साधणार नाही. दिवसातले एक काम निवडावे आणि तेवढे तरी पुरते चित्त लावून करावे. आम्ही धार काढण्याचे निवडले.

पाचवा नेम, ऐकण्याचा. हा सर्वांत अवघड. कीर्तनाला बसलो म्हणजे आपण दोन-दोन तास महाराजांचे ऐकतो. घरी बायको चार वाक्ये बोलली तर तिसऱ्या वाक्याला आपले उत्तर तयार असते. कोणी बोलायला आले की हातातले खाली ठेवावे, तोंडाकडे पाहावे आणि त्याचे पुरे होईतो आपले सुरू करू नये. म्हाताऱ्या माणसांचे तर हळूच ऐकावे लागते. त्यांचा आवाज क्षीण झालेला असतो, आणि ती फार वेळा मागत नाहीत.

सहावा नेम, रात्रीचा. अंथरुणावर पडण्याआधी दिवस आठवावा. आज कुठे हजर होतो, कुठे नव्हतो? कोणाला लागेल असे बोललो का? आज कोणते चांगले हातून घडले, किंवा दुसऱ्याच्या हातून आपल्याला मिळाले? जे चुकले ते पांडुरंगाच्या पायावर ठेवावे आणि निजावे. रात्रभर चुकीचे दळण दळीत बसू नये.

घरची समाजआरती

या नेमांबरोबर आणखी एक गोष्ट आम्ही घरात चालू केली आहे, ती वाचकांनी करून पाहावी अशी विनंती आहे.

माउलींच्या पालखीबरोबर जे चालले आहेत त्यांनी संध्याकाळची समाजआरती पाहिली आहे. पालखी तळावर येते, दिंड्या भोवती उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार दंड वर करतात आणि एवढा मोठा समाज एका क्षणात शांत होतो. ज्या दिंडीचे काही गाऱ्हाणे असेल तिचे टाळ तेवढे वाजत राहतात. चोपदार तिकडे जातात, गाऱ्हाणे ऐकून घेतात. मग कोणाचे काय हरवले, कोणाला काय सापडले ते पुकारतात, दुसऱ्या दिवशी निघण्याची वेळ सांगतात, आणि मग आरती होते. आधी गाऱ्हाणे, मग आरती. यात आमच्या पूर्वजांचे मोठे शहाणपण आहे. कोणाचे मन दुखलेले ठेवून केलेली आरती देवापर्यंत कशी पोहोचणार?

घरी तसेच करावे. हरिपाठाच्या आधी दहा मिनिटे सगळ्यांनी एकत्र बसावे. मोबाईल कोनाड्यात ठेवावेत. घरातल्या एखाद्या लहान मुलाला चोपदार करावे. आमच्या घरी हा मान नातीकडे आहे आणि दंड म्हणून ती लाटणे घेते. तिने दंड वर केला की सर्वांनी गप्प. मग ज्याचे गाऱ्हाणे असेल त्याने सांगावे, इतरांनी मध्ये न बोलता ऐकावे. मग आज काय हरवले आणि काय सापडले ते प्रत्येकाने सांगावे. हरवलेले म्हणजे नुसती वस्तू नव्हे. "आज माझा धीर सुटला," असे आमच्या सूनबाई एकदा म्हणाल्या, आणि त्या दिवशी आम्हाला कळले की त्या कितीतरी दिवस माहेरच्या काळजीत होत्या. एका छपराखाली राहून आम्हाला पत्ता नव्हता. त्यानंतर उद्याची कामे ठरवावीत आणि मग हरिपाठ म्हणावा. ज्ञानोबारायांच्या हरिपाठाला अर्धा तास लागतो. पण ज्या घरात आधी गाऱ्हाणे ऐकले गेले आहे तिथे तो अर्धा तास निराळा जातो. मन पळते तेव्हाही फार लांब जात नाही.

दोन सावधानतेच्या गोष्टी

पहिली अशी की या नेमांनी कर्ज फिटत नाही, पाऊस पडत नाही, गेलेले माणूस परत येत नाही. ज्याच्या घरावर आपत्ती आली आहे त्याला 'चित्त दे, सुखी होशील' असा कोरडा उपदेश करू नये. त्याच्या बांधावर जाऊन हात द्यावा. आणि ज्याला आठवडेच्या आठवडे झोप नाही, अन्न गोड लागत नाही, जगणे नकोसे वाटते, त्याला भक्ती कमी पडली असे म्हणून हिणवू नये. तो आजार आहे, त्याला औषध आहे. त्याला एकटे न सोडता डॉक्टरांकडे न्यावे, सोबत जावे. नाम आणि औषध यांचे भांडण नाही.

दुसरी गोष्ट, नेमाचा अहंकार. आम्ही आठ महिने खंड न पाडता हरिपाठ म्हटला हा हिशेब आमच्याजवळ चोख होता, आणि पाणी मागणारा हिशेबात नव्हता. म्हणून नेम थोडा धरावा, पण धरला तो जागेपणी पाळावा. सहाही नेम एकदम घेऊ नयेत. एक घ्यावा, पुढच्या एकादशीपर्यंत तो पाळावा, मग दुसरा घ्यावा. चुकला तर खंत करीत न बसता दुसऱ्या दिवशी पुन्हा धरावा. पायी वारीत सुद्धा पाऊल चुकते. माणूस टाळ ऐकतो आणि पुन्हा पाऊल जुळवून घेतो. त्यासाठी कोणी आळंदीला परत जात नाही.

समारोप

वारकरी बंधुभगिनींनो, पंढरीची वाट वर्षातून दोनदा चालायची, आषाढीला आणि कार्तिकीला. पण अंथरुणापासून तुळशीपर्यंत, चुलीपासून ओसरीपर्यंत, गोठ्यापासून बांधापर्यंत ही वाट आपण रोज चालतो. तिच्यावर पाय टाकताना आपण हजर असावे, एवढेच या पाठाचे सांगणे आहे. सुख तिथे अमाप आहे असा दावा आम्ही करीत नाही. आमच्यापुरते एवढे सांगतो की पूर्वी पंधरा दिवसांत विरणारे वारीचे सुख आता थोडे लांबते. काही दिवस मागचे तेच असते, काही दिवस नसते.

आप्पांची बाज अजून ओसरीवर आहे. दिवेलागणीला हरिपाठाला बसताना आम्ही पाण्याने भरलेला तांब्या जवळ ठेवतो. आता मागणारे कोणी नाही. तरी ठेवतो, आणि मध्येच मन कोर्टकचेरीला निघाले की तांब्याकडे नजर जाते आणि ते परत येते.

वाचकांनी यातला एक नेम आजपासून धरावा आणि कार्तिकीला भेटतील तेव्हा काय अनुभव आला ते सांगावे. सर्वांना अवधानाचे दान मिळो, अशी संतचरणी प्रार्थना करून हा पाठ पुरा करतो.

राम कृष्ण हरि.